अकराव्या कोठीचं शून्य

नाकरावांना वास येईनासा झाला त्याला दोन महिने उलटून गेले होते आणि ही गोष्ट साऱ्या जगात फक्त तीन जणांना ठाऊक होती. पहिले स्वतः नाकराव. दुसरी त्यांची बायको, कारण एका सकाळी दूध उतू जाऊन, जळून, भांड्याचा कोळसा होईपर्यंत नाकराव शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते आणि वर तिलाच विचारत होते, की आज चहाला एवढा उशीर का. तिसरे नाकाचे डॉक्टर. त्यांनी बॅटरी मारून आत पाहिलं, नाक आतून अगदी नमुनेदार असल्याचं सांगितलं आणि वास परत येईल का, या प्रश्नाला 'येईलसुद्धा' असं उत्तर दिलं. सर्दी गेली होती, ताप गेला होता. जाताना दोघांनी मिळून नाकरावांचा हुद्दा तेवढा सोबत नेला होता.

कारण 'नाकराव' हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. ते कोल्ड स्टोरेजमधलं पद होतं. तिथे चौदा कोठ्या होत्या, एकेक कोठी शाळेच्या हॉलएवढी, आणि जमिनीपासून छतापर्यंत सफरचंदांच्या पेट्या. बाहेरून बघाल तर सगळा माल सारखाच, लालबुंद आणि गप्प. पण सफरचंद आतून पिकायला लागलं की त्यातून एक वायू सुटतो, तो शेजारच्याला उठवतो, शेजारचं त्याच्या शेजारच्याला. कोठी एकदा अशी जागी झाली की आठवड्याभरात फावड्याने उचलायची पाळी. म्हणून पहिली चुळबुळ जिथे, ती कोठी आधी उतरवायची, हा तिथला नियम. आणि ही पहिली चुळबुळ गेली सव्वीस वर्षं नाकरावांना सगळ्यांच्या आधी कळत आली होती. सेवानिवृत्त होईपर्यंत कळत राहील, असं त्यांच्यासकट सगळे धरून चालले होते.

रोज सकाळी नऊला तो सोहळा होई. नाकराव गुडघ्यापर्यंतचा कापूस भरलेला कोट चढवून एकेका कोठीत शिरत, शेवटच्या रांगेपर्यंत जात, डोळे मिटून तीन श्वास घेत. बाहेर कारकूनबाई वासांचं रजिस्टर उघडून उभ्या असत. नाकराव बाहेर येऊन सांगत, "ओलं लाकूड, हिरवी साल, किंचित मध," आणि बाई शब्दन् शब्द लिहून घेत. शेवटी कोणती कोठी उतरवायची तो आकडा. नाकरावांनी आकडा उच्चारला की हमाल हातगाड्या तिकडे वळवत. मालकीणबाईंनी आजवर एकदाही 'कशावरून' म्हणून विचारलं नव्हतं. एवढा विश्वास नवऱ्याच्या वाट्याला येत नाही.

वास गेल्यावर नाकरावांनी काय केलं, तर गेल्या वर्षीचं रजिस्टर घरी नेलं. सफरचंदं त्याच बागांतली, त्याच महिन्यात भरलेली. म्हणजे गेल्या वर्षी या तारखेला जो वास होता तोच या वर्षी असणार, असा त्यांनी हिशेब बांधला. रोज रात्री ते दुसऱ्या दिवसाचे चौदा वास पाठ करत आणि सकाळी डोळे मिटून, तीन श्वास घेऊन, म्हणून दाखवत. शाळेत कविता पाठ करायला रडणाऱ्या माणसाने पन्नाशीनंतर हे केलं. कोणालाही संशय आला नाही. फक्त नाकरावांचं वजन चार किलोंनी उतरलं आणि ते कोठीत शिरताना देवळात चोरी करायला शिरल्यासारखे शिरू लागले.

शेवटी त्यांनी ताईला सांगितलं. म्हणजे आता ठाऊक असणारे चार झाले.

ताई त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि गेली नऊ वर्षं एका संशोधन संस्थेच्या तळघरात कृत्रिम नाक तयार करत होती. एका घरात दोन नाकं, असं दोघांची आई चारचौघांत म्हणे. धाकट्याच्या नाकाचं तिला कौतुक होतं; थोरलीच्या नाकाचं नेमकं काय चाललंय ते कळत नव्हतं. संस्थेतल्या समितीलाही ते कळत नव्हतं. प्रयोगशाळेबाहेरच्या एकाही माणसाच्या उपयोगाला न आलेलं नाक आम्ही कुठवर पोसायचं, असं समितीने नुकतंच लेखी विचारलं होतं.

नाकराव तिच्या स्वयंपाकघरात बसून खाली मान घालून सगळं बोलले तेव्हा ताईने आधी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग तिचा हात मध्येच थांबला. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की नाकरावांना वाटलं, हिला आपल्या दुःखाचा आनंद झाला. तो झालाच होता. ती उठून आतून एक डबी घेऊन आली, साबणाच्या वडीएवढी, वर छोटा पडदा आणि बाजूला एक बटण.

"बाब्या," ती म्हणाली, "हे घाल खिशात आणि उद्यापासून कामाला लाग."

मग तिने ते समजावून सांगितलं, आणि समजावताना ती उभीच राहिली, बसवेना तिला. डबीच्या आत सोळा पट्ट्या होत्या. केसाच्या जाडीत कितीतरी मावतील एवढ्या बारीक. एका टोकाला घट्ट धरलेल्या, दुसरं टोक मोकळं. लहानपणी वर्गात बाकाच्या कडेला फूटपट्टी दाबून धरून थरथरवायचास आणि बाई ओरडायच्या, तसंच. टोकाला खोडरबर अडकवला की फूटपट्टीचा सूर उतरायचा, आठवतं ना? या पट्ट्याही अशाच सतत थरथरत असतात, सेकंदाला लाखो वेळा. प्रत्येकीवर निराळा लेप. एका लेपावर पिकण्याचा वायू येऊन बसतो, दुसऱ्यावर आंबल्याचा, तिसऱ्यावर कुजल्याचा. कोणी येऊन बसलं की पट्टी जड होते, सूर उतरतो, आणि किती उतरला त्याचा आकडा पडद्यावर येतो. सोळावी पट्टी तेवढी उघडी, बिनलेपाची. तिच्यावर कोणी बसत नाही. थंडीने सूर बदलला तर तो तिचाही बदलणार, म्हणून ती साक्षीला.

"म्हणजे वासाला वजन असतं," नाकराव म्हणाले.

"नाहीतर मग तुला इतकी वर्षं काय येत होतं?"

एकच काळजी घ्यायची होती. रोज सकाळी डबीला शून्य दाखवायचं. म्हणजे जिथे कसलाही वास नाही अशा जागी जाऊन बटण दाबायचं. तिथली हवा म्हणजे काहीच नाही, असं ती समजते आणि मग त्या मानाने जास्त काय ते सांगते. नाकराव म्हणाले, एवढंच ना. त्या रात्री ते दोन महिन्यांत पहिल्यांदा रजिस्टर न उघडता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला ते शून्याची जागा शोधत होते. आवार बाद, तिथे ट्रक उभे असतात आणि डिझेलचा वास असतो. हे त्यांना आठवत होतं. यंत्रघर बाद, तिथे तेल. गेटजवळ चहावाला. राहता राहिली त्यांची स्वतःची खोली. तिथे कधीच कसला वास नसे. नाकाला आराम मिळावा म्हणून त्यांनीच सव्वीस वर्षं ती तशी जपली होती. अगरबत्ती नाही, डबा नाही, फिनेल नाही. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्चीत ताठ बसले, बटण दाबलं. पडद्यावर शून्य उमटलं. त्यांना एकदम हसू आलं. नव्या कंपासपेटीसारखी ती डबी त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि सोहळ्याला निघाले.

पहिल्या कोठीच्या शेवटच्या रांगेत त्यांनी सवयीने तीन श्वास घेतले आणि गुपचूप डबी काढून पाहिली. उणे अठ्ठावन्न.

उणे असा काही आकडा ताईने सांगितला नव्हता. नाकरावांनी डबी हलवली, फुंकर मारली, कोटाला पुसली. उणे साठ. त्यांनी बाहेर येऊन पाठ केलेलं काहीतरी सांगितलं, कारकूनबाईंनी लिहून घेतलं. दुसऱ्या कोठीत उणे पंचावन्न. तिसरीत उणे एकसष्ट. काहीच वास नाही, त्याच्याही खाली साठ पायऱ्या उतरून नसणारा हा कुठला वास? दहा कोठ्या झाल्या, दहाही उणे. ताईचं नऊ वर्षांचं नाकही गेलं, आपल्यासारखंच. घराण्यातच काहीतरी आहे, असं त्यांना वाटू लागलं.

अकराव्या कोठीत मात्र आकडा आला उणे तीन. मागच्या भिंतीपाशी गेल्यावर तर चक्क शून्य.

चला, निदान एक कोठी तरी धड आहे, असं नाकरावांना वाटलं आणि त्या भरात ते बाहेर येऊन म्हणाले, "अकरा. कोवळी आहे. अजून महिनाभर हात लावायला नको." कारकूनबाईंनी लिहिलं. पुढच्या तिन्ही कोठ्या पुन्हा उणे पन्नास-साठ. उतरवायला त्यांनी गेल्या वर्षीच्या पानाप्रमाणे सहा नंबर सांगितला, हमाल गाड्या घेऊन सहाकडे वळले, आणि नाकरावांनी खोलीत येऊन, दार लावून ताईला फोन लावला.

ताईने सगळे आकडे लिहून घेतले. मग ती म्हणाली, "सोळावी पट्टी काय म्हणते?"

सोळावी सगळीकडे शून्यावर स्वस्थ होती. म्हणजे थंडीचा दोष नाही, ताई म्हणाली; पट्ट्या खरोखर हलक्या होतायत. तुझ्याकडून निघताना त्यांच्यावर कोणीतरी बसलेलं आहे आणि कोठीत गेल्यावर ते उठून जातंय. शून्य कुठे घेतलंस?

"माझ्या खोलीत. इथे कसलाच वास नसतो."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाब्या," ताई अगदी हळू म्हणाली, "तुला कसं कळलं, तिथे वास नाही ते?"

नाकराव खुर्चीतून उठले. त्यांनी दार उघडून कारकूनबाईंना आत बोलावलं आणि विचारलं, या खोलीत काही वास येतो का. कारकूनबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, ही परीक्षा असावी अशा समजुतीने पदर सावरला, आणि उत्तर दिलं, की पिकलेल्या सफरचंदांचा येतो. चांगलाच येतो. महिन्याभरापासून येतो. म्हणजे तसा आता पिकलेल्यांच्याही पुढचा.

टेबलाखाली, पाय ठेवायच्या फळीमागे, नमुन्यांची पेटी होती. प्रत्येक कोठीतलं एकेक फळ नाकराव तिथे आणून ठेवत आणि वास बदलला की टाकून देत. गेल्या दोन महिन्यांत वास बदललाच नव्हता. पेटीच्या तळाशी आता ज्याला फळ म्हणता येईल असं काही उरलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?" नाकरावांनी विचारलं.

"आम्हाला वाटलं, नाकाच्या सरावासाठी ठेवली असतील," कारकूनबाई म्हणाल्या. "हमालही तेच म्हणत होते. कोणाकोणाची पद्धत असते."

फोनमधून ताईचा आवाज आला. तो आता हळू नव्हता. "अरे, म्हणजे तुझं शून्य म्हणजे कुजलेली सफरचंदं. तेरा कोठ्या त्याच्यापेक्षा स्वच्छ, म्हणून उणे. आणि अकरावी—"

पुढचं नाकरावांनी ऐकलं नाही. अकराव्या कोठीत शून्य, म्हणजे तिथेही टेबलाखालच्या पेटीसारखंच चाललं होतं. पन्नाशी ओलांडलेला, कापसाचा कोट घातलेला तो माणूस, चालू फोन हातात घेऊन, लांबच लांब ओसरीतून असा पळाला, की सहाव्या कोठीपाशी मालकीणबाई हातातले कागद सोडून बघत राहिल्या.

"हात थांबवा," नाकराव धापा टाकत म्हणाले. "सहा नको. अकरा उतरवा. आत्ताच्या आत्ता."

मालकीणबाईंनी मागून येणाऱ्या कारकूनबाईंकडे पाहिलं. कारकूनबाईंनी रजिस्टर उघडून वाचून दाखवलं, की अकरा, कोवळी, महिनाभर हात लावायला नको. वेळ, नऊ पस्तीस.

"नाकराव," मालकीणबाई म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत तुम्ही आकडा फिरवला नाहीत. आज अर्ध्या तासात काय झालं?"

एखादी थाप त्यांच्या ओठांवर तयारच होती. दोन महिने ते थापांवरच जगले होते. पण थाप ऐकून मालकीणबाईंनी उद्या बघू म्हटलं असतं तर उद्यापर्यंत अकरावी गेली असती. हमाल गाड्यांच्या दांड्या धरून उभे होते. नाकरावांनी कोटाची वरची गुंडी काढली.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "दोन महिने झाले. तापात गेला. मी गेल्या वर्षीचं वाचून सांगत होतो."

कॉम्प्रेसरची घरघर एकदम मोठी झाली. पहिल्यांदा बोलल्या त्या कारकूनबाई, आणि त्याही अगदी शांतपणे.

"तरीच गेल्या मंगळवारी तुम्ही चार नंबरला 'ताजा रंग' सांगितलंत. चारचं दार गेल्या वर्षी रंगवलं होतं."

"तेव्हा का नाही बोललात?" हे आता मालकीणबाईंनी विचारलं.

"मला वाटलं, यांना अजून येत असेल. यांचं नाक."

मालकीणबाईंनी अकरावीचं दार उघडायला लावलं आणि उंबऱ्यात उभं राहून दीर्घ श्वास घेतला. मग हमालांच्या मुकादमाने घेतला. मग कारकूनबाईंनी. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सफरचंदांचाच वास येतोय, मुकादम म्हणाला; सफरचंदांच्या कोठीत आणखी कसला येणार? दोन अंशांच्या थंडीत साध्या नाकाला एवढंच कळतं. म्हणजे आता नाकराव अशा जागी उभे होते, की नाक असलेले तिघे म्हणत होते काही नाही, आणि नाक नसलेला एकटा म्हणत होता आहे. कशाच्या जोरावर, तर साबणाच्या वडीएवढ्या डबीच्या, जिने आज सकाळपासून एकही आकडा सरळ सांगितला नव्हता.

"मला दहा मिनिटं द्या," ते म्हणाले. "दहा मिनिटांनी मला काढून टाका."

"दहा मिनिटं घ्या," मालकीणबाई म्हणाल्या. पुढच्या वाक्याबद्दल त्यांनी शब्द दिला नाही, तसा नकारही दिला नाही.

ताई फोनवरून सांगत होती, की नवं शून्य घे, खरं शून्य, उघड्यावर, उंच. आवारात सगळ्यांत उंच जागा पाण्याच्या टाकीची. तिथे जायला भिंतीतली लोखंडी शिडी. नाकराव चढू लागले आणि चढता चढता त्यांच्या लक्षात आलं, की वर जाऊन तरी कळणार कसं. त्यांनी खाली वाकून हाक मारली. कारकूनबाईंनी रजिस्टर मुकादमाच्या हातात दिलं, पदर खोचला आणि शिडीला हात घातला. पंधरा वर्षं त्या दाराबाहेर उभं राहून दुसऱ्याचे वास लिहून घेत आल्या होत्या. आज त्यांना कोणीतरी वास घ्यायला बोलावलं होतं, आणि शिडी त्या नाकरावांपेक्षा भराभर चढल्या.

टाकीवर वारा होता. कारकूनबाईंनी डोळे मिटून तीन श्वास घेतले. पद्धत त्यांना पाठच होती.

"येतोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या कोटाचा."

नाकरावांनी कोट काढून खाली फेकला. कारकूनबाईंनी पुन्हा श्वास घेतले, वाऱ्याकडे तोंड करून, मग पाठ करून, आणि मान हलवली, की आता काही नाही. नाकरावांनी डबी हात लांब करून धरली आणि ताई फोनवरून एक एक पट्टी मोकळी झाल्याची वाट बघायला सांगत राहिली. नाकरावांनी वाचलेला आकडा ऐकून ती म्हणाली, सातवी अजून जड आहे, तिच्यावरून लोक लवकर उठत नाहीत, थांब. ते थांबले. कारकूनबाईही श्वास धरून थांबल्या, आपल्या श्वासाचा वास लागू नये म्हणून, आणि त्यांचा चेहरा लाल होईपर्यंत आकडा स्थिर झाला. बटण. शून्य.

अकरावीत नाकराव सदऱ्यानिशी शिरले. दोन अंशांची थंडी त्यांच्या लक्षातही आली नाही. फोन खिशात, ताई खिशातून बोलतेय, हातात डबी दिव्यासारखी पुढे धरलेली, मागे मालकीणबाई, कारकूनबाई आणि मुकादम.

"दारात?" ताईने विचारलं.

"अडतीस."

"अधिक?"

"अधिक."

खिशातून एक आवाज आला, तो शब्द नव्हता. नाकराव पुढे सरकले. दुसऱ्या रांगेत पंचेचाळीस. चौथ्या रांगेत सत्तर. उजवीकडे वळले तर बासष्ट, परत आले, डावीकडे एकशे दहा. आता ते आकडे मोठ्याने म्हणत होते, आणि त्यांच्यामागे मुकादमही म्हणू लागला, एकशे तीस, एकशे साठ, जसा एखादा लपाछपीत 'गरम, गरम' म्हणतो. थरथरणाऱ्या त्या न दिसणाऱ्या पट्ट्यांवर हवेतून कोणीतरी येऊन बसत होतं, एकाला एक लागून, आणि नाकरावांना वाटलं, आपल्याला ते दिसतंय. सव्वीस वर्षं त्यांना वास येत होता, पण तो कुठून कुठे चाललाय हे असं बोटाने दाखवता आलं नव्हतं. मागच्या भिंतीपाशी, डाव्या कोपऱ्यात, दोनशे चाळीस. डबी वर नेली, उतरला. खाली नेली, चढला.

"ही थप्पी," नाकराव म्हणाले. "खालून तिसरी."

मुकादमाने वरच्या पेट्या उतरवल्या. तिसरीच्या वरच्या थरातली सफरचंदं लाल, टणक, निर्दोष. मालकीणबाईंनी एक उचलून पाहिलं आणि नाकरावांकडे पाहिलं. नाकराव तो वरचा थर स्वतः उचलू लागले, बोटं गारठून वाकत नव्हती तरी. खालच्या थराच्या मध्यावर एक फळ तपकिरी होऊन बसलं होतं, त्याला टेकलेली सहा मऊ, आणि त्यांचा रस झिरपून खालच्या पेटीत गेला होता. डबी म्हणाली तीनशे बारा. मालकीणबाई ओणव्या झाल्या आणि चटकन ताठ झाल्या. त्यांनी नाकाला पदर लावला. आता त्यासाठी कोणत्याच यंत्राची गरज नव्हती.

कारणही तिथेच सापडलं. थंड हवा सोडणाऱ्या झरोक्यावर पॅकिंगचा प्लास्टिकचा कागद उडून चिकटला होता आणि तो कोपरा गेले दोन आठवडे आतल्या आत कोमट होत होता. बाकीची कोठी अजून वाचलेली होती. आजच्या आज हलवली तर सगळी. मालकीणबाईंनी सहाकडच्या गाड्या अकराकडे वळवल्या, आणखी माणसं बोलावली, आणि पंधरा मिनिटांत ओसरीत अशी पळापळ सुरू झाली, की नाकरावांना कोणीतरी त्यांचा कोट आणून घातला हे त्यांना कळलंसुद्धा नाही. ताई खिशातून विचारत होती, तीनशे बारा नक्की का, फोटो काढ, पट्टीवार आकडे वाचून दाखव, मी निघालेच, मी टॅक्सीत आहे.

मग मालकीणबाई त्यांच्याकडे वळल्या.

"उरलेल्या तेरा कोठ्या," त्या म्हणाल्या. "खऱ्या शून्याने. आत्ता, माझ्यासमोर. तुम्ही दोन महिने किती चुकलात ते मला बघायचंय. तुमचं काय करायचं ते त्याच्यावर."

ताई पोचली तोवर चार कोठ्या झाल्या होत्या. तिने येताना आणखी तीन डब्या आणल्या होत्या, पायात दोन निरनिराळ्या चपला होत्या, आणि ती भावाकडे न बघता आधी त्या तपकिरी सफरचंदाकडे गेली. त्याला तिने वरून, खालून, बाजूने डब्या लावल्या. मग ती मिरवणुकीला येऊन मिळाली. प्रत्येक कोठीत नाकराव आकडा वाचत आणि मालकीणबाई तो रजिस्टरातल्या त्यांच्या पाठांतराशी ताडून बघत. एक. बरोबर. दोन, बरोबर. पाच, बरोबर. नऊ, 'जराशी जागी, दोन आठवडे चालेल' असं सांगितलं होतं. डबीही तेच म्हणाली. सहा खरोखरच अकरानंतर उतरवायला सगळ्यांत योग्य होती.

चौदावी झाली तेव्हा मालकीणबाईंनी रजिस्टर मिटलं.

"तेरापैकी तेरा," त्या म्हणाल्या. "वास येत नसताना."

सुटकेचा श्वास टाकायचा तो हा क्षण होता. मुकादमाने नाकरावांच्या पाठीवर थाप मारली, कारकूनबाई पहिल्यांदाच दात दाखवून हसल्या. मालकीणबाईंनी सांगितलं, की उद्यापासून नऊला नाकराव डबी घेऊन पुढे, कारकूनबाई स्वतःचं नाक घेऊन मागे, आणि दोघांचं जुळेल तेव्हाच आकडा. दोन महिने खोटं बोलल्याबद्दल काय ते त्या निवांतपणे बोलणार होत्या, आणि ते ऐकून घ्यायला लागणार होतं. ताईकडे त्यांनी चौदा डब्यांची चौकशी केली, आणि त्याबद्दल समितीला दोन ओळी लिहून देण्याचं कबूल केलं. ताईने तिथल्या तिथे कागद पुढे केला.

नाकराव मात्र ओसरीतल्या उलट्या पेटीवर जाऊन बसले. ताई येऊन शेजारी टेकली.

"आता काय झालं तोंड पाडायला? नोकरी राहिली ना?"

"तेरापैकी तेरा, ताई," नाकराव म्हणाले. "कुठल्या बागेचा माल, कधी तोडला, कुठल्या भिंतीला ऊन येतं, हे सगळं मला ठाऊकच असतं. गेल्या वर्षीचं नुसतं वाचून दाखवत होतो असं वाटलं मला, पण मनातून मी बदल करत होतो. मग सव्वीस वर्षं नाक काय करत होतं?"

ताईने यावर प्रामाणिकपणे विचार केला. तिला नऊ वर्षांत एवढा चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"अकरावी," ती म्हणाली. "तेरा तुला माहीत होत्या. अकरावीत कागद उडेल हे कोणाला माहीत असतं? तेवढ्यासाठी नाक लागतं."

"वर्षातून एकदा?"

"दोनदा धर."

नाकरावांनी हिशेब केला. सव्वीस वर्षं, वर्षातून दोनदा. बावन्न वेळा. तशा बावन्न सकाळी त्यांना खरोखरच आठवल्या नाहीत, पण सहा-सात नक्की आठवल्या, एकेक करून, कोठीच्या नंबरासकट, आणि ते ताईला सांगायला लागले. सातव्या कोठीत एकदा उंदीर मरून पडला होता तिथपासून. ताईने त्यांना हाताने थांबवलं, पर्समधून वही काढली, डबीचं बटण एकदा तपासलं, आणि म्हणाली, आता पहिल्यापासून सांग, आणि मेलेल्या उंदराला कुठला लेप लागेल ते मला बघू दे.